वापसा येईपर्यंत

आमच्या वाड्यात पावसाळ्याचा एक नियम पोरांना, गड्यांना आणि आल्यागेल्या पाहुण्यांनाही सारखाच लागू होता. पाऊस उघडला म्हणून लगेच रानात पाय घालायचा नाही. बांधावरून जा, पाटाच्या कडेनं जा, लांबचा वळसा घ्या, पण ओलं रान तुडवायचं नाही. मृगाचे दोन पाऊस चांगले व्हायचे, शेजारच्या शिवारात कुऱ्या जुंपल्या जायच्या आणि आमचा आज्जा मात्र सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन परत यायचा. घरात थोरल्या तात्यांची घालमेल चाललेली असायची. ‘आबा, लोकांची पेरणी निम्म्यावर आली.’ आज्जाचं उत्तर ठरलेलं, ‘येऊ दे. आपल्या रानाला अजून वापसा न्हाई.’

वापसा बघायची त्याची रीत आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे, कारण त्याच्या मागोमाग कुणी ना कुणी असायचंच. बांधाच्या कडेला उकिडवा बसून तो हाताला पोचेल तिथं वीतभर खोल उकरायचा. वरची माती कधी घ्यायचा नाही, ती ऊन-वाऱ्यानं फसवते म्हणायचा. खालची मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि उभं राहून कमरेएवढ्या उंचीवरून सोडून द्यायचा. लाडू पडून फुटला की वापसा. चपटा होऊन बसला की घरी परत. कधी चिमूटभर माती अंगठ्यानं घासून बघायचा, घासल्या जागी चकाकी उमटली तर आणखी एक-दोन दिवस थांबायचं. आणि लाडू वळलाच नाही, माती नुसती भुरभुरली, तर मग सगळं घर रानात, कारण वेळ निघून चाललेली असायची.

काळ्या रानात ही वेळ फार थोडकी असते. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. ओली असताना पायाला, फाळाला, चाकाला चिकटते आणि वाळल्यावर तिच्यावरून कुदळ उडते. या दोन्हींच्या मधे जे काही दिवस मिळतात त्यातच औत घालायचं. माळाकडच्या हलक्या तुकड्याला तेवढी वाट बघावी लागत नसे. म्हणून आमच्याकडं आधी माळ आणि मग नदीकडचं काळं रान, असा पेरणीचा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आलेला.

आता आम्ही भावंडं पन्नाशी-साठीच्या घरात आहोत. लग्नाकार्याला जमलो की बोलणं फिरून फिरून तात्या, आण्णा आणि बापू या तिघा भावांवर आणि त्यांच्या तीन संसारांवर येतं. पुण्याच्या आत्तेबहिणीला आठवतो तो मार. सुट्टीला आलेली असताना वासरामागं धावत ती नुकत्याच भिजवलेल्या हळदीच्या वाफ्यातून गेली, आणि कधी कुणाला चापट न मारणाऱ्या आण्णांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. का, ते तिला त्या दिवशी कळलं नव्हतं. हळदीचा गड्डा मातीला बाजूला सारत वाढतो. मातीच हलायला तयार नसेल तर तो बारका राहतो, वेडावाकडा होतो. भुईमुगाचं तर त्याहून नाजूक. फूल वर येतं, पण शेंग धरते मातीत. फुलातून निघालेली आरी जमिनीत शिरली तरच शेंग, वरचा पृष्ठभाग टणक झाला तर ती वरच वाळून जाते. या दोन पिकांवर घराचा वर्षाचा रोख पैसा होता. धपाटा त्या हिशेबातला होता.

धाकटी काकू कोकणातली. लग्न होऊन आली तेव्हा या नियमाचं तिला फार नवल वाटलं होतं. तिच्या माहेरी भाताच्या खाचरात पाणी कोंडून, बैल आणि माणसं घालून मुद्दाम चिखल तुडवत. ती चिखलणी केली नाही तर पाणी खाली निघून जातं; तुडवून तुडवून खाली जो घट्ट थर बसतो तोच पाणी धरून ठेवतो. भाताच्या देठात आणि मुळांत हवा खाली न्यायच्या वाटा असतात, म्हणून ते पाण्यात उभं राहू शकतं. शाळूला, हरभऱ्याला, उसाला भाताइतकी सोय नाही. काकू सांगायची की भात निघाल्यावर त्याच खाचरात वाल टाकला की तो नेहमी खुजा राहायचा. पुढं कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि नांगरणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर भात घ्यायची सगुणा पद्धत रुजवली, तेव्हा मला काकूच्या माहेरचा तो खुजा वाल आठवला होता.

गंमत अशी की माती घट्ट कशी करायची हेही याच घराला उत्तम येत होतं. थोरली आई म्हणजे तात्यांची बायको, जमीन करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. जमीन करणं म्हणजे घरातली भुई. माती आणि मुरूम पसरायचा, पाण्याचा शिपका मारायचा, रात्रभर मुरू द्यायचा आणि सकाळी आधी धुमसानं, मग बायकांनी ओळीनं बसून चोपण्यांनी चोपायचं. शिपका किती मारायचा हे फक्त थोरली आई ठरवायची. कमी पडला तर माती बसत नाही, जास्त झाला तर चोपणं चिकटतं. १९३३ साली कॅलिफोर्नियात धरणं बांधणाऱ्या राल्फ प्रॉक्टर नावाच्या अभियंत्यानं हेच मोजून मांडलं. माती कोरडी असली तर कण एकमेकांना अडतात. जरा पाणी मिळालं की ते सरकतात आणि दाबाखाली गच्च बसतात. पाणी फारच झालं तर पोकळ्या पाण्यानंच भरतात आणि माती आणखी दबत नाही. मधल्या एका ओलाव्याला ती सर्वांत जास्त घट्ट होते. रस्ता करताना रोलरच्या आधी पाण्याचा टँकर फिरतो तो याच कारणानं. आणि शेतकऱ्याला भोवतं तेही हेच. चिखलात कुणी सहसा औत घालत नाही. नुकसान होतं ते चिखल सरला, पाय बुडेना, पण खाली अजून ओल आहे, अशा दिवशी. वरून रान तयार दिसतं आणि खालची माती चोपायला अगदी जोगती झालेली असते.

खळ्याचंही तसंच. सुगीच्या आधी खळं करायचं म्हणजे गवत खरवडून, पाणी मारून, भुसा टाकून बैल फिरवायचे, मग शेणानं सारवायचं. मधे तिवडा, आणि त्याभोवती पात धरून बैल गोल गोल. मळणी संपली की ती जागा पुन्हा पिकाखाली यायची. पण पुढच्या हंगामात तिथला शाळू ओळखू यायचा. भोवतालचं पीक पुरुषभर उंच आणि खळ्याच्या गोलात कमरेला लागणारं, पिवळट, दोन पावसांत मान टाकणारं. म्हणून आज्जानं खळ्याची जागा कधी बदलली नाही. दर साली त्याच कोपऱ्यात, बांधालगत. मोटेच्या धावेचं, गाडीवाटेचं, गंजीच्या जागेचंही हेच. तुडवायचं तर एकच जागा तुडवा, बाकीचं रान मोकळं ठेवा. आज परदेशात मोठाल्या शेतांवर यंत्राची चाकं वर्षानुवर्षं ठरलेल्या पट्ट्यांवरूनच चालवतात, कारण ओल्या मातीवरून चाक पहिल्यांदा गेलं की होणारं बहुतेक नुकसान त्याच फेरीत होऊन जातं. दहा वाटा पाडण्यापेक्षा एकच वाट दहा वेळा वापरणं केव्हाही बरं.

रानाची बातमी घरात सगळ्यांत आधी बायकांना असायची, हे मला नीट सांगायचं आहे. पुरुष औतामागं उभे, बायका भांगलताना दिवसभर मातीला टेकलेल्या. खुरपं कुठं सहज शिरतं आणि कुठं टणकन आवाज करून उडतं, हे मधल्या काकूला पट्ट्यापट्ट्यानिशी माहीत होतं. रात्री जेवताना ती सांगायची, ‘चिंचंखालच्या सऱ्यांत लव्हाळा लई, आन् भुई धरलीया.’ त्यावर आण्णा काही बोलायचे नाहीत, पण उन्हाळ्यात त्याच पट्ट्यात आधी शेणखताच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या.

जुन्या शेतीत जमीन दबतच नव्हती असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. बैलाचा खूर लहान असतो आणि सगळं वजन त्या लहान जागेवर येतं, त्यामुळं खुराखालचा दाब ट्रॅक्टरच्या टायरइतका, कधी त्याहून जास्तही भरतो. फरक खोलीचा आहे. वरची माती किती दबेल हे दाबावर ठरतं, खालची किती दबेल हे एकूण वजनावर. चारपाचशे किलोच्या बैलाचा परिणाम वरच्या काही बोटांत संपतो आणि तो पुढच्या कुळवणीत मोकळा होतो. नांगरानंही जमीन दबते. दर साली एकाच खोलीला फाळ घासत गेला की त्याच्या तळाशी थर धरतो, मग नांगर लाकडी असो की लोखंडी. आमच्याकडं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो १९०३ साली बेळगावात बनवला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष होतं असं म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. १९१० नंतर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि आमच्या भागात तो घरोघर पोचला.

त्या थरावर जुन्या पिढीचे इलाज होते. काही वर्षांआड उन्हाळ्यात खोल नांगरट व्हायची. एका घराची बैलं त्याला पुरायची नाहीत, म्हणून इर्जिक घालायची. गावातल्या जोड्या एकत्र यायच्या, सहा-सहा, आठ-आठ बैल एका नांगराला, आणि रात्री सगळ्यांना जेवण. कऱ्हाडचा चुलतभाऊ त्या जेवणातल्या मटणाचं वर्णन अजून मन लावून करतो. हराळी आणि कुंदा मुळासकट निघावा हा इर्जिकीचा उघड हेतू, पण खालचा थरही त्यानं फुटायचा. नांगरलेली ढेकळं उन्हाळाभर तापायची. बिवडासाठी तूर, ताग फिरून यायचे. माणदेशाकडून धनगर उतरले की त्यांच्या मेंढ्या रानात बसवायच्या, तेही रान कोरडं असतानाच.

आणि सगळ्यांत मोठं काम काळी माती स्वतःच करायची. चैत्र-वैशाखात रानाला भेगा पडायच्या. हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा, आम्हा पोरांचे चेंडू त्यात हरवत. आकसताना माती खोलवर फाटते, वरची भुसभुशीत माती त्या फटींत पडते, पहिल्या पावसाचं पाणी तिथून थेट खाली उतरतं, माती फुगते आणि भेगा मिटतात. कुणी नांगर न घालता वर्षातून एकदा खालची माती अशी हलते. त्यासाठी अट एकच, रान पूर्ण वाळलं पाहिजे.

ती अट उसानं मोडली. कोयना धरण १९६४ साली पुरं झालं, नदीला बारमाही पाणी राहू लागलं आणि पाठोपाठ उपसा योजना आल्या. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या तात्या-आण्णांनी पाणी दिसताच ऊस लावला, यात नवल काही नाही. मुलांची शिक्षणं, आत्त्यांची लग्नं, वाड्याचा स्लॅब, सगळं ‘सातशेचाळीस’ जातीच्या उसानं दिलं. पण बारा-अठरा महिन्यांचा ऊस, मग खोडवा, मग पुन्हा लावण, असं चक्र सुरू झालं आणि नदीकडच्या रानाला उन्हाळा राहिला नाही. पाणी सतत चालू. भेगा पडणं बंद झालं. शिवारातल्या खोलगट रानांत निचरा तुंबून क्षार वर आले, सोडियम चढलं तिथं मातीची कणी मोडून रानं चोपण झाली. आमचं नदीकडचं रान तेवढं बिघडलं नाही. ते नुसतं घट्ट होत गेलं.

आधी ऊस बैलगाड्यांतून जायचा. मग ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन ट्रॉल्या. पंधरा-वीस टनांचा माल, आणि भरायचा तो रानातच, कारण डोक्यावरून मोळ्या रस्त्यापर्यंत वाहणं परवडत नाही. रिकामं रान झटपट तयार करायला रोटर आला. तो वरची चार-सहा इंच माती अगदी पिठूळ करतो आणि त्याच्या पात्यांखाली दर वेळी त्याच खोलीवर माती घासली जाते. वरून रान इतकं सुरेख दिसतं की खालचं कुणाला दिसू नये. पहिल्या पावसात ते पीठ वाहतं किंवा त्याची पापडी धरते.

खाली काय झालंय ते आम्ही पाहिलं ठिबकची मुख्य पाइपलाइन टाकताना. भाच्यानं चर खणायला घेतला होता, मी माहेरी गेलेली. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली, त्यामुळं चर दिसला की आत उतरल्याशिवाय मला राहवत नाही. वरची वीतभर माती काळी, रवाळ, उसाच्या मुळांनी भरलेली. त्याखाली साधारण हातभर रुंदीचा पट्टा वेगळाच होता. करडा, तकतकीत, कुदळीच्या घावाला कडा धरणारा. ढेकूळ फोडलं तर त्याचे दाणे पडेनात, आडवे पापुद्रे सुटले. उसाच्या मुळ्या त्या पट्ट्याच्या माथ्यावर येऊन चपट्या झालेल्या, एकमेकींत गुंतलेल्या, खाली एकही नाही. चराच्या टोकाला बांधाजवळ आदल्या सालच्या तुरीचं खोड होतं. ते आम्ही सांभाळून मोकळं केलं. सोटमूळ वीतभर सरळ खाली, थराला लागल्यावर काटकोनात आडवं, तसंच हातभर गेलेलं, आणि जिथं गांडुळाचं एक बीळ मिळालं तिथं पुन्हा खाली. त्या बिळात तुरीच्या शेजारून कसल्या कसल्या पांढऱ्या मुळ्यांचा झुबका उतरला होता. सगळ्यांनी तीच वाट धरलेली. कऱ्हाडचा भाऊ चराच्या काठावर बसून बराच वेळ ते मूळ हातात फिरवत होता.

चांगल्या रानात निम्मी जागा मातीची नसतेच, ती पोकळ्यांची असते. मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत पाणी. वजन पडलं की आधी मोठ्या पोकळ्या मोडतात. म्हणजे पाणी मुरायची वाट गेली आणि मुळांना श्वास घ्यायची हवाही गेली. हवेच्या पोकळ्या एकूण जागेच्या दहा टक्क्यांखाली आल्या की बहुतेक पिकांची मुळं गुदमरायला लागतात. अशा रानात पाणी दिलं की ते साचतं, आणि साचलेल्या पाण्यात हवेविना जगणारे जिवाणू नत्राचा वायू करून टाकतात. युरियाची पोती वाढवूनही खोडवा पिवळाच का, याचं एक उत्तर तिथं आहे. पालाशही कमी उचलला जातो. मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास गेला की मुळांची वाढ खुंटते. मुळं उथळ राहतात, म्हणून ऊस जोराच्या वाऱ्यानं लोळतो आणि पाण्याची पाळी चार दिवस चुकली तरी सुकतो, खाली ओल असूनसुद्धा.

मूळ खाली जात नाही ते ताकद कमी पडते म्हणून, असंच आम्हाला शिकवलं होतं. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नॉटिंगहॅम विद्यापीठातले बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं, त्यानं हे चित्र बदललं. मुळाच्या टोकाशी इथिलीन वायू सतत थोडाथोडा तयार होत असतो. मोकळ्या मातीत तो पोकळ्यांतून निघून जातो. घट्ट मातीत त्याला वाट मिळत नाही, तो मुळाभोवतीच साचतो आणि मुळाला थांबायची खूण मिळते. मूळ लांबायचं सोडून जाड होतं. ज्या भातरोपांना इथिलीनची जाणीवच होत नाही अशी रोपं त्यांनी दाबलेल्या मातीत लावली, तर त्यांची मुळं आत घुसली. म्हणजे पुष्कळदा मूळ हरत नाही, ते आपणहून थांबतं. हा तोच वायू, ज्याच्यावर आज्जीची आंब्याची अढी चालायची. माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंबे झाकून ठेवायचे, वर पोतं टाकायचं, आणि आम्हाला दार उघडून बघायची बंदी. आंब्यातून सुटणारा इथिलीन कोंडला की आंबा लवकर पिकतो. तो कुठं कोंडायचा आणि कुठं मोकळा सोडायचा, त्या घराच्या कामाच्या रीतीत दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बसलेल्या होत्या, वायूचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं तरी.

मग हे सगळं विसरलं का कुणी? आमच्यात यावर दर वेळी बोलणं होतं आणि माझं मत ठाम आहे. ज्ञान विसरलं गेलं नाही. बापू थकल्यावरही बाजेवरून विचारायचे, ‘वापसा बघितला का रे?’ भाच्यालाही लाडू वळून टाकता येतो. गेली ती थांबायची सवड. बैल घरचे होते तेव्हा आज्जा दोन दिवस थांबू शकत होता, बैल दावणीला वैरण खात उभे. आता ट्रॅक्टर तासाच्या भाड्याचा. तो आज आला तर आज, नाहीतर त्याच्याकडं आणखी आठ जणांची रानं आहेत. उसाची तोड कारखान्याच्या कार्यक्रमाप्रमाणं. टोळी आली, आणि आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला, तरी ट्रॉली रानात घालावीच लागते. तोड पुढं गेली तर ती परत कधी येईल सांगता येत नाही, आणि तोडलेल्या उसाचं वजन दर दिवसाला घटतं. टोळीतली माणसं बीडकडून आलेली, त्यांची मजुरी टनावर. त्यांना थांबा म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? वाटण्या झाल्या आणि रानाचे अरुंद पट्टे पडले. लहान पट्ट्यात ट्रॅक्टरला वळणं जास्त, म्हणजे दोन्ही टोकांचा बराच भाग नुसता चाकांखाली.

जुनी सवड फुकट नव्हती, हेही इथंच सांगायला हवं. ती बायकांच्या पहाटेपासूनच्या राबण्यावर उभी होती. बैलांच्या वैरणीसाठी शेतीचा मोठा तुकडा अडकायचा. आण्णांची शाळा सातवीत सुटली ती औताला माणूस हवा म्हणून, आणि हुशार विद्यार्थी म्हणून त्यांचं नाव शाळेत बराच काळ निघायचं. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. मधल्या काकूचे गुडघे मी पाहिले आहेत. मला हवी आहे ती फक्त थांबण्याची मुभा, आजच्या यंत्रांसकट.

ती थोडीथोडी मिळवता येते. भाच्यानं पाच फुटांची सरी धरली आहे, त्यामुळं चाकं दर वेळी त्याच सऱ्यांतून जातात आणि उसाच्या बुडाशी येत नाहीत. ट्रॉलीला त्यानं बांधालगत एकच वाट ठरवून दिली आहे. तिथं काही पिकत नाही, ते त्यानं सोडून दिलंय. पाचट जाळणं बंद झालंय, ते सऱ्यांत कुजतं आणि त्याखाली गांडुळं दिसू लागली आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की नांगरूच नका, आधीच्या पिकाची मुळं जागच्या जागी कुजू द्या, त्या कुजलेल्या मुळांच्या नळ्या हाच पुढच्या पिकाचा रस्ता. भाच्याला ते पटतं. कऱ्हाडच्या भावाला अर्धं पटतं. त्याचं म्हणणं, थर एवढा बसलाय की एकदा तरी सबसॉयलर घालून फोडल्याशिवाय मुळं शिरणार कुठून. माझं मत भावाच्या बाजूचं आहे, पण सबसॉयलर रान कडकडीत वाळलेलं असतानाच घालायला हवा. ओलीत तो घातला तर खालची माती फुटत नाही, नुसती चीर पडते आणि चिरेच्या बाजू आणखी दबतात. शिवाय फोडल्यावर पुढच्याच हंगामात ट्रॉली आडवीतिडवी फिरली, तर थर पहिल्यापेक्षा जास्त बसतो. खोलवरचा दाब माती आपणहून लवकर सोडत नाही, दशकं जातात.

यंदा खोडवा मोडल्यावर नदीकडचं रान उन्हाळाभर कोरडं ठेवायचं ठरतंय. भेगा पडू द्यायच्या, मे महिन्यात सबसॉयलर, पावसाला ताग, तो फुलोऱ्यात गाडायचा, मग शाळू. उसाचं एक वर्षाचं उत्पन्न सोडावं लागेल आणि रानात तीन घरांचे वाटे आहेत, म्हणून सगळ्यांना विचारणं चाललंय. थोरल्या घरचा होकार आला. कऱ्हाडचा भाऊ सबसॉयलरच्या भाड्यातला आपला हिस्सा आधीच देतो म्हणाला. बापूंच्या मुलांना कर्जाचा हप्ता आहे, त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे, आणि ती दिली आहे.